शनिवारची दोन पत्रं

“ही? ही टायपिंग करते.”

नाना माझ्याकडे न बघताच बोलले. नाना म्हणजे आमच्या खासदारांचे पीए. उस्मानपुऱ्यातलं ऑफिस, शनिवारची दुपार. एका मोठ्या कॉलनीतले चार-पाच निवृत्त लोक साहेबांचे आभार मानायला पेढे घेऊन आले होते. साहेबांचं दर आठवड्याचं पत्र त्यांना फार आवडायचं. दिल्लीत काय झालं, शहरात काय चाललंय, सगळं एका पानात. त्यातल्या एका काकांनी विचारलं होतं, “इंग्रजी किती स्वच्छ असतं हो. लिहितं कोण? ही मुलगी?”

लिहीत मी होते. दोन वर्षं. प्रत्येक शब्द.

काकांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. “आडनाव काय तुझं, बाळा?”

मी सांगितलं.

“अच्छा, अच्छा.” बॉक्स टेबलावर गेला. “घे हां तिथून.”

नाना हसत म्हणाले, “पण कोट्यातली नाय बरं का. खरंच हुशार आहे.”

सगळे हसले. साहेबही. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

मी कमी बोलते. शाळेपासूनच. वडील एका कॉन्व्हेंट शाळेची बस चालवायचे, म्हणून मला तिथं प्रवेश मिळाला. डबा मी झाकण अर्धंच उघडून खायचे. कुणी काही म्हणायचं नाही. शेजारीही कुणी बसायचं नाही. इंग्रजी मात्र चांगलं झालं आणि त्या इंग्रजीसाठीच साहेबांच्या ऑफिसात मला घेतलं. आतल्या खोलीत, झेरॉक्स मशीनच्या शेजारी बसवलं.

पत्रं दोन निघायची. एक इंग्रजीत, ईमेलनं. ते कॉलन्यांना, डॉक्टरांना, वकिलांना, कारखानदारांना. दुसरं मराठीत, व्हॉट्सॲपवर. ते वस्त्यांना आणि आसपासच्या गावांना. लोकांना वाटायचं, एकाचं भाषांतर दुसरं. तसं नव्हतं. इंग्रजीत माहिती असायची. कुठलं विधेयक, कुठला निधी कुठं वळला, तक्रार कुठल्या खिडकीवर द्यायची. मराठीत वाढदिवसाच्या शुभेच्छा, उद्घाटनाचे फोटो आणि ‘लवकरच’. नाना म्हणायचे, “तिकडं बातमी, इकडं आशीर्वाद.” मी दोन्ही लिहायचे. दोन्हींतलं अंतर मला माहीत होतं. मी त्याला कामाची पद्धत समजत होते.

त्या शनिवारी पाहुणे गेल्यावर मी पत्र पुरं करायला बसले. शहरातली मुख्य बातमी पाण्याच्या नव्या लाइनची होती. ती मुकुंदवाडीच्या मागच्या वस्तीतून जाणार होती. आता मार्ग बदलला होता. वस्ती वगळून ती नव्या रस्त्यानं एका कॉलनीकडे जाणार होती. कुणाची हरकत असेल तर ती सोमवारी पाच वाजेपर्यंत महापालिकेत लेखी द्यायची होती.

इंग्रजीत हे सगळं होतं. मराठीसाठी नानांनी एक ओळ दिली. ‘जलवाहिनीचे काम मार्गी, लवकरच घरोघरी पाणी.’

ती वस्ती माझी आहे. नानांना ते माहीत होतं.

मी उठून त्यांच्या टेबलापाशी गेले. “नाना, मराठीत हरकतीची ओळ राहिली.”

“राहिली नाय. ठेवली नाय.”

“पण सोमवारी शेवटचा दिवस आहे.”

“मग? कळालं की मोर्चा घेऊन येतील दारात. घोषणा द्यायला लई आवडतं तुमच्या लोकांना.”

दार उघडंच होतं. आतून साहेब मऊ आवाजात म्हणाले, “बेटा, सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं. तू शिकलेली आहेस.”

मी परत खुर्चीत बसले. टाइप केलं. ‘लवकरच घरोघरी पाणी.’ सहा वाजता दोन्ही पत्रं पाठवली.

इथपर्यंतचं सगळं मी केलं आहे. कुणी माझा हात धरला नव्हता.

रविवारी सकाळी वस्तीत टँकर आला. बायका कॅन, घागरी घेऊन रांगेत. आईनं नेहमीसारखा फोन काढला. दर रविवारी ती साहेबांचं पत्र मोठ्यानं वाचायची, आणि शेवटी म्हणायची, “माझ्या पोरीनं लिव्हलंय.” त्या दिवशी पाण्याची ओळ तिनं दोनदा वाचली.

रांगेत शांताकाकू होत्या. पाइप दुसरीकडं वळवला, असं त्यांच्या कानावर आलं होतं. आठवडाभर दारोदार फिरून त्यांनी एका अर्जावर सह्या आणि अंगठे घेतले होते. कागद पिशवीतच होता.

“बघा, आलंच की पाणी,” आई म्हणाली.

“व्हय गं बाई. उगाच पाय तोडले मी.” काकूंनी अर्ज काढला आणि त्याची घडी घालून घागरीखाली चुंबळीसारखा धरला. “आपलीच पोर हाय तिथं. ती खोटं लिहील व्हय?”

माझ्या हातात कॅन होता. तो मी खाली ठेवला.

“काकू, तो कागद फेकू नका. पाणी येणार नाही.”

“काय बोलतीस?” आई म्हणाली.

“लाइन इथून जाणारच नाही. उद्या पाचपर्यंत लेखी दिलं नाही तर संपलं. इंग्रजी पत्रात आहे. मीच लिहिलंय. दोन्ही मीच लिहिलीत.”

टँकरचं पाणी नळीतून पडत होतं. रांग पुढं सरकेना.

“आन् ह्याच्या आधीची?” आईनं विचारलं.

“आधीचीही.”

आईनं फोन कमरेला खोचला. तिनं दोन वर्षं ती पत्रं वाचली होती, माझ्या भरवशावर. शांताकाकू म्हणाल्या, “पोरी, तू आमाला येड्यात काढलंस.”  

मी फोनवर इंग्रजी पत्र उघडलं आणि तिथंच, रांगेत उभी राहून, एकेक ओळ मराठीत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांपुढे बोलले. मध्येच आवाज बसला, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “जोरात बोल की. तिथं गुपचूप लिव्हायला बरं जमलं!”

सोमवारी आम्ही महापालिकेत गेलो. हरकत मी लिहिली, त्याला काकूंच्या सह्यांचा कागद जोडला. एक अंगठा ओला होऊन फिसकटला होता. खिडकीवरचा माणूस म्हणाला, “ह्यानं काही होत नसतं.” आई म्हणाली, “शिक्का मारा.” त्यानं मारला.

दुपारी नानांचा फोन आला. “कुणी सांगितलं त्यांना?”

“मी.”

“नोकरी नको काय?”

“हे लिहायची नको.”

“तुमच्या लोकांना वर घेतलं की हेच करता.”

“मला वर घेतलं नव्हतं, नाना. आत बसवलं होतं.” मी फोन ठेवला. 

लाइनच्या हरकतीवर अजून उत्तर आलेलं नाही. टँकरही आता दिवस चुकवून येतो. काही बायका माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. ईमेलच्या यादीतून माझं नाव काढलंय. शाळेत माझ्या वर्गात असलेल्या एका मुलीच्या घरी ते पत्र येतं, ती मला पाठवते. दर रविवारी मी ते वस्तीत उभी राहून मराठीत वाचते. पूर्ण. एकही ओळ न गाळता. माझा आवाज अजून कापतो. कापू दे. आता आमच्यापासून लपवायचं असेल तर त्यांना ते इंग्रजीतूनही काढावं लागेल.