दाजींनी मारलेला आमचा राजा

माझे दाजी चांगले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे बोलणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही. धुळ्याला एमआयडीसीत नोकरी, साध्या सुपारीचंही व्यसन नाही, आणि आमच्या अक्काला किती जपतात ते आई सगळ्या गल्लीला सांगत फिरते. मला त्यांचा हेवा वाटतो. साधासुधा नाही, अंगाची लाहीलाही होते. आणि तोही कशावरून, तर एका व्हिडिओ गेमवरून.

तो गेम अक्कानं आणि मी मिळून आणला होता, तिच्या लग्नाच्या आधी. तलवारी, जादू, पडके किल्ले, ड्रॅगन, सगळं त्यात होतं. अवघड इतका की पहिल्याच दरवाज्यावरचा फाटका शिपाईसुद्धा दोन फटक्यांत आडवा करायचा. कुठं जायचं ते सांगत नाही, काय करायचं ते सांगत नाही. पहिला आठवडा मी नुसत्या शिव्या घातल्या. पण इतका प्रामाणिक गेम मी दुसरा पाहिला नाही. मेलात तर चूक तुमची. घाई केलीत, किंवा हाव सुटली आणि एक वार जास्त मारायला गेलात. एखादा शत्रू आवरत नसेल तर सोडा त्याला, सगळं रान मोकळं आहे, हिंडा, ताकद कमवा आणि परत या. आणि एकदा का तो पडला, की जे वाटतं ते मला दहावीच्या निकालालासुद्धा वाटलं नव्हतं.

खोडीही काही कमी नाहीत. मध्येच थांबवायची सोयच नाही. आईनं दळण आणायला हाक मारली की मी मेलोच. कॅमेरा तर असा बावळट की कोपऱ्यात सापडलं की समोर नुसती भिंत. पुढं पुढं गुहांमधून तेच ते राक्षस भेटतात, जुन्या साडीला नवा फॉल लावावा तसे, फक्त नाव वेगळं. गोष्टीचं म्हणाल तर इथं एक तुकडा, तिथं एक तुकडा. एखादी म्हातारी काहीतरी आणायला सांगते, आपण आणतो, तोवर ती गायब. आणि अक्षरं मुंगीएवढी. खाटेवरून एक ओळ वाचता येईल तर शपथ.

म्हणून अक्का लागायची. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात, फरशीवर मांडी घालून बसायची. मी मागं खाटेवर. उन्हाळ्यात आमच्या मेहरूणमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा पडदे ओढून आमचं चालायचं. कूलरची घरघर एवढी की गेममधला आवाज ऐकूच येत नसे. मागून कोण आलं, वर कोण लपलंय, ते सगळं अक्का सांगायची. तिनं कंट्रोलर कधी मागितला नाही. मी एकदा दिला तर म्हणाली, मला बघायला आवडतं, तू मार.

शेवटचा शत्रू म्हणजे एक म्हातारा लंगडा राजा. तो तलवार उचलायचा आणि तशीच धरून ठेवायचा. आपण घाबरून आधीच उडी मारली की मग सावकाश कापायचा. महिनाभर आम्ही त्याच्यापुढं डोकं आपटलं. मदतीला भुतं बोलवायची सोय गेममध्ये होती, पण ती वापरायची नाही असं आमचं ठरलेलं. अखेर अक्काला कळलं, वार करायच्या आधी त्याची डावी टाच उचलली जाते. मग ती नुसतं "टाच" म्हणायची आणि मी बाजूला व्हायचो. त्याचा जीव अर्ध्यावर आणला आणि तिचं लग्न उभं राहिलं. हळदीच्या दिवशी, तोंड पिवळं असताना, तिनं मला बजावलं की त्या म्हाताऱ्याला माझ्याशिवाय मारायचं नाही.

नाही मारला. गेमला हातच लावला नाही. मित्रांनी वेड्यात काढलं. मी म्हटलं, अक्का माहेरी आली की बघू. ती यायची, पण कधी कोणाचं डोहाळजेवण, कधी दवाखाना, बसायला वेळ म्हणून नाही. आणि एक दिवस फोनवर सहज म्हणाली, "अरे, आमच्याकडं पण आणलाय तो गेम. ह्यांनी." आमच्याकडं! तोवर तिच्या तोंडी आमच्याकडं म्हणजे मेहरूण होतं. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून चित्र हलेना. धुळ्यात एक फरशी, तिच्यावर अक्का, मागं खाटेवर दाजी, आणि ती त्यांना सांगतेय, टाच. जेवताना तेच, ऑफिसात तेच. मी जळत होतो, सरळ सांगतो.

मग अधिक महिना आला. धोंड्याचा महिना म्हणजे आमच्याकडं जावई साक्षात देव. आईनं आठ दिवस आधी अनारशांचं पीठ केलं, रसासाठी आंबे पिकत घातले, आणि मला दम भरला की जवाई मागतील ते द्यायचं, तोंड वाकडं करायचं नाही. दाजी आले, त्यांना ओवाळलं, कपडे केले, पुरणाचे धोंडे, आमरस, सगळं यथासांग झालं. जेवून ते कूलरपुढं टेकले आणि टीव्हीखालचा गेमचा डबा त्यांना दिसला.

"अरे, हा तर आपला गेम. कुठपर्यंत आलाय भाऊ?"

आपला! मी म्हटलं, शेवटच्या राजापाशी अडलोय. ते हसले, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "सोपं शे ते." आणि आई आतून ओरडली, "अरे, जवाईंना रिमोट दे ना." आईच्या लेखी तो रिमोटच. मी अक्काकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती. धोंडे खायला आलेल्या जावयाला नाही कसं म्हणणार? दिला मी कंट्रोलर.

अक्का पुढं फरशीवर जाऊन बसली, जुन्या जागी. माझ्या काळजाला घरं पडली. दाजींनी पहिल्या झटक्यात भूत बोलावलं. सोय आहे तर वापरायची, म्हणाले. मी मनात देवाला म्हटलं, मरू दे ह्यांना. पण माणूस खेळायचा छान, हे कबूल करावं लागेल. पाणी वाहावं तसे हात चालत होते. राजानं तलवार उचलली, धरून ठेवली, आणि अक्का म्हणाली, "टाच."

"दिसलं मला," दाजी म्हणाले. चिडून नाही, अगदी सहज.

थोड्या वेळानं ती परत म्हणाली. ते परत तेच म्हणाले. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. राजा पडला तेव्हा खोलीत मी आणि दाजीच होतो. आईनं येऊन टीव्हीवर काय झालंय ते न बघता त्यांच्या ताटलीत अजून एक अनारसा ठेवला. मी तोंडभर हसलो आणि आत गेलो.

अक्का कोयी बादलीत टाकत होती. माझा बांध फुटला. म्हटलं, बरं आहे तुझं, तिकडं रोज दोघं बसता, इकडं येऊनही त्यांच्याच बाजूनं बसलीस, आमचा राजापण त्यांना देऊन टाकलास.

"मी दिला?" ती म्हणाली. "मी वाट बघत होते, तू नाही म्हणशील म्हणून."

"जावयाला?"

"मी म्हटलं असतं तर बायको भांडली असं झालं असतं. तू म्हणायचं होतंस." मग नळाखाली हात धरून, माझ्याकडं न बघता, "आणि आम्ही दोघं कुठले बसतो? ते हेडफोन लावून खेळतात. मी आत असते."

खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. अगदी थंडगार. मग तिची पाठ दिसली, आणि त्या बरं वाटण्याची शिसारी आली.

मी बाहेर गेलो. पडद्यावर गेम विचारत होता, पहिल्यापासून पुन्हा सुरू करायचं का, शत्रू आणखी ताकदवान होतील. दाजी होकारावर बोट ठेवून बसले होते.

"दाजी, उठा. हे आम्ही दोघं खेळणार आहोत."

आई दारात थिजली. अरे, जवाई आहेत ते, एवढंच तिच्या तोंडून निघालं. दाजींनी मात्र, "अरे, मग आधी सांगायचं ना," म्हणत कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि खुशाल आडवे झाले. मला त्याचाही राग आला.

अक्का पदराला हात पुसत आली आणि फरशीवर बसली. संध्याकाळच्या धुळ्याच्या गाडीला अजून अवकाश होता. पहिला दरवाजा, तोच फाटका शिपाई, आणि उजवीकडं झुडपात तिरंदाज. मला तो केव्हाच दिसला होता.

"उजवीकडं," अक्का म्हणाली.

मी म्हणालो, "कुठं?"