टेबलाखालून केलेली आरती

मी पुलांची डिझाइन्स करणारा इंजिनिअर आहे, आणि मी घरी बनवलेलं डायनिंग टेबल कुणी शिंकलं तरी हलायचं.

दोष लाकडाचा नव्हता. चांगलं मेपल आणलं होतं. बायको आधीच म्हणाली होती, "अरे, पायांना आडव्या पट्ट्या मार. माहेरच्या टेबलाला आहेत."

"मेधा, तो जुना लुक झाला. हे मिनिमल आहे."

(ऑफिसात कुणी असे बिनआधाराचे खांब काढून आणले असते, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं!) चारही पाय थेट फळीला स्क्रूने जोडले आणि टेबल भिंतीला खेटून ठेवलं. ते भिंतीच्या जिवावर उभं राहिलं आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला 'हँडमेड' म्हणून दाखवत राहिलो.

त्या वर्षी मेधाचे वडील, आमचे अण्णा, साताऱ्याहून आमच्याकडे परदेशात, ब्रॅम्पटनला आले ते शाडूची मूर्ती मांडीवर घेऊनच. विमानात जेवतानासुद्धा त्यांनी ती खाली ठेवली नव्हती. जावयानं स्वतः टेबल केलं याचं त्यांना कोण कौतुक!

"जावईबापू, बाप्पा यावरच बसवू."

माझी छाती फुगली.

"फक्त जरा पुढे ओढा. प्रदक्षिणेला जागा हवी."

छाती जागेवर आली. पण भिंत काढली तर टेबलात काही उरत नाही, हे सासऱ्यांना सांगायला जीभ रेटेना. ओढलं. सकाळी अण्णांनी प्राणप्रतिष्ठा केली. म्हणजे आता उत्तरपूजेपर्यंत मूर्ती जागची हलवायची सोय नाही.

संध्याकाळी मंडळी जमली. दारात चपलांचा ढीग, किचनमध्ये प्रत्येकानं घरून करून आणलेले पॉटलकचे ट्रे, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. इथली घरं लाकडाची. एवढी माणसं टाळ्या वाजवत डोलायला लागली की जमीनही त्यांच्यासोबत डोलते. पहिल्याच आरतीला बाप्पा डावीकडे झुकले, मग उजवीकडे. लोक भक्तिभावानं डोळे मिटून होते. माझे सताड उघडे होते. साताऱ्याहून मांडीवर आलेली मूर्ती माझ्या मिनिमलपायी फुटणार, या विचारानं मला घाम फुटला.

मी हळूच खाली बसलो, झालरीचं कापड उचललं आणि टेबलाखाली शिरलो. दोन हातांत दोन पाय धरले, पाठ फळीला लावली. टेबल थांबलं.

कापडाखाली आमच्या लेकीचं, ईराचं डोकं आलं. "बाबा, व्हाय आर यू अंडर द टेबल?"

"आजोबांजवळ उभी राहा. गो."

मला वाटलं, आरती संपली की बाहेर येऊ. पण आरतीनंतर लोक नमस्काराला येतात, हे मी घाबरून विसरलोच होतो. जो तो येऊन टेबलावर डोकं टेकवायचा आणि सगळा भार माझ्या पाठीवर द्यायचा. एका काकूंनी बराच वेळ काहीतरी मागितलं. तेवढा वेळ मी त्यांच्याहून कळकळीनं बाप्पाला आळवत होतो.

तेवढ्यात पाहुण्यांच्या एका चिमुरडीनं झालर वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मम्मा, लुक! बाप्पाज माउस इज सो बिग."

सगळा हॉल हसला. सगळेच्या सगळे वाकून बघायला लागले. कुणीतरी फोटो काढला. इतकी लाज वाटली की लाकडात भुंगा होऊन शिरावं. शेवटी अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या पायांकडे.

"आडव्या पट्ट्या नाहीत?"

"नाहीत."

"हं."

त्या एका 'हं'पुढे मला इंजिनिअरिंगच्या सगळ्या परीक्षा सोप्या वाटल्या. अण्णा रागावतील, असं वाटलं. ते शांतपणे मेधाकडे वळले.

"मेधा, एक मोदक इकडे दे. उंदरालाही नैवेद्य लागतो."

मेधानं खाली बसून मोदक माझ्या तोंडासमोर धरला. माझे दोन्ही हात टेबलाच्या पायांवर, वर बाप्पा, समोर अख्खं मराठी ब्रॅम्पटन.

खोटं कशाला बोलू, मी तोंड उघडलं.