अर्धेमामांची फणी

अर्धेमामा हे काही त्यांचं आडनाव नाही. माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांचं केस कापायचं दुकान आहे आणि हे नाव त्यांना गल्लीतल्या आयांनी रागाच्या भरात दिलेलं आहे. लहान मूल पहिल्यांदा केस कापायला आलं की मामा खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकतात, मुलाला तिच्यावर बसवतात, त्याच्या हातात एक फणी देतात आणि कात्री चालवताना आरशात त्याच्या खालच्या ओठाकडे बघत राहतात. ओठ जरा थरथरला की कात्री खाली.

"झालं आजचं. उरलेलं उद्या."

मग ते मूल एका कानावर चकाचक आणि दुसऱ्या कानावर झिपरं अशा अवतारात घरी जातं. आया तणतणत येतात. एकीने तर माझ्यादेखत विचारलं होतं, "आम्हाला आज फोटो काढायला जायचंय, आणि हे असं अर्धं डोकं घेऊन जाऊ?"

मामांचं उत्तर ठरलेलं. "रडायच्या आधी थांबायला हवं, ताई. रडल्यावर थांबलो तर त्याला वाटेल, रडलं की सुटका होते."

अशी अर्धी डोकी दोन-चार दिवस गल्लीत हिंडतात. मग एके दिवशी मूल स्वतःच फळीवर बसल्या बसल्या म्हणतं, "मामा, आज सगळे कापा ना." त्या दिवशी त्याची भीती गेली, असं मामा धरून चालतात.

हे सगळं मला इतकं तपशिलात ठाऊक आहे, कारण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची मला खोड आहे. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक थोडं आणि रिकामा वेळ फार. माणूस काय करणार?

फणीही माझ्या डोळ्यांसमोरच आली. एका सकाळी मामांच्या दुकानासमोर लावलेल्या स्कूटरखाली कुत्र्याचं एक पिल्लू कुडकुडत बसलं होतं. बाजाराकडच्या कुत्र्यांनी तिला फाडलं होतं. डावा कान अर्धा गेलेला. मामांनी जखम धुतली, औषध लावलं आणि टॉवेलात गुंडाळून तिला बाकाखाली ठेवलं. समोरच्या शिंपीकाकांनी लगेच टोमणा मारला, "अर्ध्यांना अर्ध्या कानाचीच मिळाली!" जरा बरं वाटल्याबरोबर त्या पिल्लाने मामांच्या तीन फण्या चावून टाकल्या, म्हणून तिचं नाव फणी.

माणसांशी फणीचं छान जमायचं. पण कुत्रं दिसलं, मग ते मुठीएवढं का असेना, की ही शेपूट पोटाशी घेऊन अशी किंचाळायची, की कोणीतरी तिच्या पायावर गाडी घातली असं वाटावं. तिला बाहेर फिरवून आणताना मामांच्या नाकी नऊ यायचे.

हे असंच चालू राहिलं असतं तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण मामा दुकानामागच्या खोलीत राहायचे, आणि ती खोली मालकाला गोदामासाठी हवी झाली. दुकान राहणार होतं, खोली महिनाअखेरीस सोडायची होती. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. उरली एक थोरली बहीण, अक्का. ती दोन गल्ल्या पलीकडे, अंगण असलेल्या तळमजल्याच्या घरात एकटी राहते. एकटी म्हणजे साहेबासोबत. साहेब हा तिचा कुत्रा: अंगाने थोराड, वयाने म्हातारा, कमरेने अधू.

अक्काने भावाला ये म्हणून कधीपासून सांगितलं होतं. मामा फणीला घेऊन घर बघायला गेले. साहेब फक्त उठून उभा राहिला, बस्स. फणीने गळ्यातला पट्टा तोडला, कपाटामागे शिरली आणि तिथे अडकून पडली. कपाट सरकवून तिला बाहेर काढावं लागलं.

अक्का जन्मभर इस्पितळात नर्स होती, त्यामुळे ती बोलते तेव्हा समोरचा आजारी असल्यासारखा ऐकून घेतो. "तू ये. उद्या काय, आत्ता ये," ती म्हणाली. "पण साहेबाचं आता विश्रांतीचं वय आहे. रोज असा आरडाओरडा झाला तर तो जीव झोपेल कधी? महिनाअखेरपर्यंत बघ काय जमतंय ते. नाहीतर हिला दुसरं चांगलं घर बघू. मी स्वतः बघेन."

दुसऱ्या दिवशी मामांनी एकाच गिऱ्हाइकाच्या त्याच गालाला दोनदा साबण लावला. ते बघून मी दुकान तसंच टाकून गेले.

"मामा, काय ठरवलंत?"

"फणीला सोडून मी कुठे जाणार नाही, बाई."

"मग राहणार कुठे?"

"ते अजून अर्धंच ठरलंय," ते म्हणाले. हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मला अक्काचा रागही आला, आणि तिचं काही चुकत नव्हतं म्हणून तो जास्तच आला.

आम्ही दोघं मिळून डोकं चालवायला लागलो. मामांनी आयुष्यभर माणसांशी आरशातून बोलणं केलेलं. त्यांचं म्हणणं, समोरासमोर जे बोलवत नाही ते माणूस आरशात बघून बोलतो. तेव्हा फणीलाही कुत्रं आधी आरशात दाखवायचं. मला तर ही कल्पना एकदम पटली. माझाही धंदा काचांचाच! फणीला बाकावर बसवलं. पहिल्यांदा आरशातलं कुत्रं बघून तिचे केस उभे राहिले. मामांनी बिस्किटाचा तुकडा दिला, तिने खाल्ला, लगेच खाली उतरवलं. असं करत करत आठवड्याभरात ती त्या आरशातल्या कुत्र्यासमोर खुशाल जांभई द्यायला लागली. आम्हाला वाटलं, जिंकलो. मी तर शिंपीकाकांना बोलावून जांभई दाखवली.

त्याच संध्याकाळी नाक्यावर एका बाईंच्या पिशवीतून पांढरं, केसाळ, ओंजळीत मावेल एवढं कुत्रं डोकावलं. फणीने मामांच्या पायांभोवती दोरीचा असा गुंता केला की मामा भर रस्त्यात खाली बसले. वहाणेचा अंगठाही तुटला.

"पण आरशात तर भीत नव्हती," मी म्हणाले.

"तेच तर कळत नाही," मामा गुडघा चोळत म्हणाले.

मला झोप येईना. न कळलेली गोष्ट मला दातात अडकल्यासारखी छळते. दुसऱ्या दिवसापासून मी माझं स्टूल सरळ मामांच्या दारात टाकलं आणि फणीवर नजर ठेवून बसले. आणि एक भलतीच गोष्ट लक्षात आली. सगळ्या गिऱ्हाइकांच्या पायांत घुटमळणारी फणी मधूनच एखाद्याला बघून गुपचूप बाकाखाली जायची. दाढीवाल्या धिप्पाड वाहनचालकाच्या पायावर ती लोळली, आणि गोड बोलणारे, सडपातळ बँकेतले कारकून आले तेव्हा भिंतीला चिकटून थरथरायला लागली.

कारकुनांनी या बिचारीला काय केलं असेल? मी आधी त्यांच्यावर उगाचच संशय घेतला. मग एक औषधविक्रेते आले, पुन्हा तेच. मग एक शिक्षिका भाच्याला घेऊन आल्या, पुन्हा तेच. शेवटी मला राहवेना. शिक्षिकांना सरळ विचारलं, "तुमच्या घरी कुत्रा आहे का हो?"

"आहे की. तुम्हाला कसं कळलं?"

मी धावत जाऊन औषधविक्रेत्यांना विचारलं. होता. कारकुनांकडे तर दोन होते. परत आले तेव्हा मला धाप लागली होती.

"मामा, आपण दोघंही मूर्ख! आरशाला वास कुठे असतो?"

मामांच्या हातातला वस्तरा हवेतच राहिला. खुर्चीतलं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "आधी एवढी दाढी पूर्ण करा, मग काय ते बोला."

फणी कुत्री डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखत होती. आम्ही तिला आठवडाभर जे दाखवलं, ते तिच्या दृष्टीने कुत्रं नव्हतंच. आणि कारकुनांच्या पॅंटवर जे होतं, ते अख्खं कुत्रं होतं.

"म्हणजे कुत्रं तुकड्यातुकड्याने देता येईल," मामा सावकाश म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेच सावध लक्ष दिसलं, जे मूल फळीवर बसलं की असतं.

त्यांनी दुकानातला एक जुना टॉवेल अक्काकडे नेला आणि साहेबाच्या पाठीवरून, मानेवरून चोळून आणला. टॉवेल दुकानाच्या एका कोपऱ्यात, फणीची वाटी दुसऱ्या कोपऱ्यात. फणी वाटीकडे गेली नाही. टॉवेल आणखी लांब, दाराबाहेर ठेवला, मग गेली. रोज टॉवेल थोडा जवळ यायचा. तिचा अर्धा कान मागे वळायला लागला की मामा टॉवेल उचलायचे. "झालं आजचं." मी म्हणायची, "अहो, अजून थोडं, आत्ता तर चांगली बसली होती." ते माझ्याकडे त्या आयांकडे बघायचे तसं बघायचे. एका दुपारी गिऱ्हाइकाचे कल्ले सारखे करताना त्यांनी मला खुणेने बोलावलं. फणी त्या टॉवेलवर पाय पसरून झोपली होती.

मग अख्खा साहेब. अक्का त्याला घेऊन रस्त्याच्या एका बाजूने, मामा फणीला घेऊन दुसऱ्या बाजूने, दोघांची तोंडं एकाच दिशेला. समोरासमोर आणायचं नाही, नुसतं बरोबर चालायचं. मी मधे मधे धावत दोघांना सूचना द्यायची, कोणी ऐकायचं नाही. फणी आधी चाचरत चालली, मग हवेत नाक करून चालली. टॉवेलातला तो गृहस्थ हाच, हे तिला कळलं असावं; तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा चौकशी जास्त दिसायला लागली. चौकशीचा चेहरा मी बरोबर ओळखते.

रस्ता अरुंद होत गेला. मग अक्काचं फाटक, मग अंगण. आणि जरा रंगात आलं की मामांचं आपलं तेच: "चल फणे, झालं आजचं."

अक्काचा संयम संपला. "आत्ता कुठे ती त्याच्या शेपटीपर्यंत पोचली होती! आणि हा निघाला!" मामा फाटकाबाहेर गेल्यावर ती अर्ध्या भरलेल्या कपाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "बघ. याची बायको गेल्यापासून हा माझ्या घरी एक चहा पूर्ण पीत नाही. येतो, बसतो, जरा कुठे गप्पा निघाल्या की उठतो. मला काय कळत नाही? तिची आठवण निघेल म्हणून पळतो. मीही कधी अडवत नाही."



महिन्याचा शेवटचा दिवस मामांच्या सुट्टीचाच निघाला. खोलीतलं सामान दोन गाठोड्यांत बांधून दुकानातल्या बाकाखाली ठेवलेलं होतं. कुठे जाणार ते मामांनी मला सांगितलं नव्हतं, आणि विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. आम्ही अक्काच्या अंगणात गेलो. साहेब उन्हात आडवा पडला होता. फणीने त्याची शेपटी हुंगली, कंबर हुंगली, मग थोडी थांबून त्याचा कान हुंगला. साहेबाने एक डोळा उघडला आणि मिटला. फणी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली.

मामा अर्धा कप खाली ठेवून उठले. "चल फणे. झालं आजचं."

फणी उठली नाही.

मामांनी दोरी हलकेच ओढली. तिने पुढचे दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि मान मागे घेतली. आणखी जरा ओढली, तर ती सरकत सरकत उलटी साहेबाकडे गेली, त्याच्या मागच्या पायाशी आडवी झाली आणि हनुवटी जमिनीला लावून मामांकडे बघत राहिली.

मी सवयीने चेहऱ्यांकडे बघत होते. मामा दोरी हातात धरून उभे होते आणि त्यांचा खालचा ओठ थरथरत होता. त्यांच्याच नियमाने ही थांबायची, निघून जायची वेळ होती. अक्कानेही ते बघितलं. तिने पुढे होऊन तो अर्धा कप उचलला, उरलेला गार चहा तिथेच कुंडीत ओतला आणि भावाला विचारलं, "दुसरा टाकू?"

मामांच्या हातातली दोरी सुटली. ते पायरीवर परत बसले आणि बाहीने डोळे पुसले.

"टाक," ते म्हणाले. "आणि पूर्ण कप दे."