विहीणबाईंचा गोलू आणि माझा चौथा सिंह

लेकीच्या सासरी चेन्नईला पहिल्यांदा गोलू बघायला जायचं ठरलं, तेव्हा विहीणबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, फोनवर बजावलं, "दरवर्षी एक बाहुली नवी हवी. यंदाची तुम्ही आणा." गोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. यंदाचा विषय होता आपलं प्रजासत्ताक. मी पुण्यातून चार सिंहांची मातीची राजमुद्रा घेतली आणि खोक्यात घालून गाडीत रात्रभर मांडीवर सांभाळली. विहिणीपुढे पहिलीच परीक्षा!

विहीणबाईंचं घर तांबरमला. एग्मोर स्टेशनला उतरलात तर तिथवर रिक्षा करू नका, लोकल दहा-पंधरा रुपयांत नेते. स्टेशनच्या जिन्यात खोकं कठड्याला आपटलं, पण इडलीच्या वासापुढे मी ते मनावर घेतलं नाही.

तुळजाबाईंचं घराणं तंजावरी मराठी. हॉलभर पायऱ्या. वर कलश, खाली राष्ट्रपती, मग पंतप्रधान, सभापती. एका जुन्या ऋषींना काळा डगला चढवून दाढीसकट सरन्यायाधीश केलेलं. राज्यपाल वर की मुख्यमंत्री, यावरून तुळजाबाई आणि व्याह्यांत चांगलंच वाजलं होतं म्हणे. शेवटी दोन्ही बाहुल्या एकाच पायरीवर, मधे मोर. तळाला दर गोलूत असतात ते दुकानदार वाणी-वाणीण, यंदा बोटाला शाई लावून मतदार झालेले.

खोकं उघडलं आणि माझं तोंड उतरलं. एका सिंहाचा जबडा निखळला होता. भंगलेली मूर्ती कोण मांडणार?

"मैलापुरात बाहुल्यांचा बाजार असतो ना? मी आत्ता दुसरी आणते," मी रडू आवरत म्हटलं.

"अय्यो, बैसा हो!" तुळजाबाईंनी मूर्ती उचलली आणि मोडका सिंह भिंतीकडे फिरवला. समोरून तीनच दिसू लागले. नाण्यावर तरी कुठे चौथा दिसतो! "परवाइल्ले, चालतंय. हा देव नव्हे, सरकार. थोडं मोडकं असायचंच."

व्याही हसता हसता खुर्चीतून घसरले.

संध्याकाळी शेजारणी आल्या. खोबरं घातलेल्या हरभऱ्याचं सुंडल मी दोन वाट्या हाणलं. सिंह कुणी आणले, असं कुणी विचारलं की तुळजाबाई ऐटीत सांगत, "आमच्या सुनेच्या आईनं!" इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दसऱ्याच्या रात्री एक-दोन बाहुल्या आडव्या निजवतात, की गोलू संपला. दरवर्षी लाकडी राजा-राणी निजतात. यंदा तुळजाबाईंनी माझे सिंह निजवले, जबड्याखाली कापूस ठेवून.

आता पुण्यात भाजीवाल्याला नाणं देताना हात क्षणभर थांबतो. परवा तुळजाबाईंचा फोन आला होता, "पुढच्या वर्षी बाहुली मी घेते. तुम्ही नुसत्या या."