स्टुलाचा तक्ता

माझ्या धाकट्या भावाला कामावर सगळे फूटपट्टी म्हणतात. शीतगृहात तापमान कळवणाऱ्या बिनतारी डब्या बसवायचं त्याचं काम, आणि खिशात कायम मोजपट्टी. लहानपणी हा आमच्या सावल्यासुद्धा मोजायचा, आता बोला!

आईला विसरायला होऊ लागलं. दोनदा ती दार उघडून थेट हमरस्त्यावर गेली. दुसऱ्यांदा ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. मी स्पष्ट सांगितलं, "बाबा रे, पुरे झालं. तिला वृद्धाश्रमात ठेवू." फॉर्म भरून पर्समध्ये ठेवलासुद्धा.

तो म्हणाला, "ताई, एक महिना दे. मग तू म्हणशील तसं."

झालं, गडी लागला कामाला. आईच्या गळ्यात बटणाएवढा ट्रान्समीटर, बैठकीच्या भिंतीवर रिसीव्हर. सिग्नल जोरात आला तर आई जवळ, मंद आला तर लांब. किती मंद म्हणजे किती लांब, हे ठरवायला त्याने ट्रान्समीटर स्टुलावर ठेवला आणि खडूने खुणा करत ते स्टूल मीटरमीटरने रस्त्यापर्यंत सरकवत नेलं. त्याचा तक्ता मोबाइलमध्ये भरला; आई रस्त्यापर्यंत गेली की मोबाइल वाजणार.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा पीत होतो आणि त्याचा मोबाइल किंचाळला. तीस मीटर! म्हणजे रस्ताच की! दोघंही अनवाणी धावत सुटलो. रस्त्यावर आईचा पत्ता नाही. "घाल चुलीत तुझं यंत्र!" मी भर रस्त्यात ओरडले.

घरात येऊन बघतो तर आई बैठकीतच! कपाटामागच्या कोपऱ्यात, रिसीव्हरपासून जेमतेम तीन मीटरवर, भिंतीकडे तोंड करून, ट्रान्समीटर मुठीत घट्ट धरून पोटाशी दाबलेला. मला रडूच फुटलं.

आणि आमचा फूटपट्टी? तो तिच्याजवळ उकिडवा बसला, मोबाइलकडे टक लावून. "आई, मूठ उघड बरं." आकडा उतरला, अकरा. "आता माझ्याकडे वळ." तीन!

"अरेच्चा!" त्याचे डोळे चमकले. "अगं ताई, माणसाच्या अंगात पाणीच पाणी. ते सिग्नल पिऊन टाकतं. मंद सिग्नलला मी लांबचा समजलो. तक्ता केला स्टुलाचा, आणि लावला आईला!"

तोवर आईने मूठ पुन्हा मिटली होती.

"दे ना गं, जरा बघू," तो म्हणाला.

"नाही देणार," आई त्यालाच म्हणाली. "माझ्या मुलाने दिलंय हे. तो आला की त्यालाच देईन."

तो खडू घेऊन उठला. दारापर्यंत गेला, तिथूनच विचारलं, "ताई, कोरा कागद आहे का गं? आता आईचा तक्ता करू. मूठ उघडी, मूठ मिटलेली, तोंड इकडे, पाठ इकडे, सगळं."

माझ्या पर्समध्ये एकच कागद होता. तो मी कोरी बाजू वर करून त्याला दिला, आणि आईचा हात धरून पहिल्या खुणेवर जाऊन उभी राहिले.