ग्वाकसाहेबांची गोसारी

मिरानला नवऱ्याच्या साहेबांची शिसारी यायला लागून चार वर्षं होत आली होती, म्हणजे कोरिया सोडून जपानमधल्या होक्काइदोच्या या बंदरगावी आल्यापासूनच. ग्वाकसाहेबांचं बिऱ्हाड सोलला. मुलांच्या शाळेपायी बायको तिकडे आणि हे इथे एकटे. मासळी खरेदीचं ऑफिस बंद असलं की एकट्या माणसाने करायचं काय? हाताखालच्या बे सांग्यूच्या, म्हणजे मिरानच्या नवऱ्याच्या, घरी यायचं. यायचं, चापून जेवायचं, सोजूची दारू ढोसायची आणि दात कोरत बसायचं. सांग्यू दोन्ही हातांनी त्यांचा पेला भरणार, अदबीने मान वळवून स्वतःचा पिणार, आणि त्यांच्या शिळ्या विनोदाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखा खो खो हसणार. ते हसणं ऐकलं की मिरान भांडी उचलून आत जायची. साहेबांचं एक वेळ राहू द्या, परका माणूस. पण आपल्या माणसाचा वीट यावा, याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

ती मात्र कुढत बसली नव्हती. कोरियातल्या चिंजूच्या टपाल कचेरीत नोकरी केलेली बाई ती! बाजारात, मुलीच्या, हारिमच्या, शाळेच्या फाटकाशी, जिथे तोंड उघडता येईल तिथे उघडून तिने जपानी कमावली. लोक हसले, हसू दिलं. गावाबाहेरच्या दलदलीच्या अभयारण्यात ती दुपारी एकटीच सारस बघायला जायची. तिथले म्हातारे वनरक्षक कुमागाई ओळखीचे झाले, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन विचारलं, "शाळेची मुलं येतात, त्यांना फिरवाल का? एक तारखेपासून." लग्नानंतरचं तिचं पहिलं काम! घरी अजून बोलली नव्हती. रविवारी तिघांनीच जायचं, सारसाची पिल्लं दाखवायची आणि तिथेच सांगायचं, असा तिचा बेत होता.

तिघांनीच म्हणे! सकाळी ती खाली उतरली तर गाडीत पुढच्या सीटवर ग्वाकसाहेब.

"अगं, त्यांचा फोन आला. नाही कसं म्हणणार?" सांग्यू कुजबुजला.

"का? जीभ नाही तोंडात?"

"हारिमची आई, हळू बोल जरा. बढतीसाठी माझं नाव तेच पुढे करणार आहेत."

दलदलीवरच्या लाकडी वाटेवरून चौघं निघाले. दूर लव्हाळ्यात सारसाची जोडी आणि मध्ये तपकिरी पिल्लू. हारिम श्वास रोखून बघत होती. ग्वाकसाहेबांनी जांभई दिली.

"बे, हा मीठ लावून भाजला तर कसा लागेल रे?"

सांग्यू खो खो हसला. मिरानने तोंड फिरवलं. तेवढ्यात साहेब ओरडले, "अरे, गोसारी!"

वाटेच्या कडेला नेच्याचे कोवळे, मुठी वळलेले कोंब उभे होते. उकडून, वाळवून, तिळाच्या तेलात परतलेल्या या कोंबांवाचून कोरियन घरात पितरांचं ताट पुरं होत नाही. ते असे फुकट उभे दिसले की कोरियन माणसाचे हात शिवशिवतात. खोटं कशाला बोला, मिरानचेही शिवशिवले. पण साहेब दोरी ओलांडून चिखलात उतरलेसुद्धा.

"साहेब, इथे काही तोडायचं नाही. पाटी लावलीय."

"वहिनी, गवत आहे हो! पितरांना वाढू, पुण्य तुम्हालाच लागेल. बे, बघतोस काय? पिशवी आण!"

सांग्यूने हारिमच्या पिशवीतले जेवणाचे डबे काढून वाटेवर ठेवले आणि पिशवी घेऊन तोही उतरला. "बाबा, नको ना," हारिम म्हणाली. "तू गप्प बस," तो म्हणाला. दोघं वाकून अधाशासारखे ओरबाडत सुटले. मिरान नुसती उभी राहिली. आपणही गप्पच आहोत, याची तिला मनापासून घाण वाटली.

पिशवी गच्च भरली तेव्हा वाटेच्या वळणावर कुमागाई दिसले. साहेबांनी ताबडतोब न वाजलेला फोन कानाला लावला आणि ते वर चढून, पक्षी बघत असल्यासारखे चार हात लांब जाऊन उभे राहिले. राहिला सांग्यू, हातात पिशवी धरून.

"हे कोणी तोडलं?" कुमागाईंनी मिरानला विचारलं.

साहेबांसारखीच सांग्यूलाही जपानी येत नव्हती, पण प्रश्न कळला. तो घाईघाईने कोरियनमध्ये म्हणाला, "सांग, तू तोडलंस. बाईमाणूस, नियम माहीत नव्हता म्हण. साहेबांचं नाव नको आणि माझंही नको. तुझं काय जातंय त्यात? तू कुठे नोकरीला आहेस?"

मिरानने त्याच्याकडे बघितलं. बाजारात कुजलेली मासळी हाताला लागावी तसं तिला झालं. मग ती कुमागाईंकडे वळली आणि जपानीत म्हणाली, "त्या साहेबांनी तोडलं, आणि माझ्या नवऱ्याने. मला नियम माहीत होता. मी बघत उभी राहिले."

सांग्यू सुटकेने कमरेत वाकून वाकून माफी मागू लागला. साहेबांचा फोनही लगेच संपला. "वाहवा वहिनी!" ते जवळ येत म्हणाले. "अब्रू वाचवलीत आमची!"

कुमागाईंनी पिशवी काढून घेतली. दोघांचे हसरे चेहरे बघून त्यांनी मिरानला विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत, ते यांना कळलंय का?"

"नाही."

"मग सांगा. एक तारखेपासून इथे काम करायचं, तर हेही करावं लागेल."

मिरानने सांगितलं. कोरियनमध्ये, शब्दन् शब्द, साहेबांच्या तोंडावर. कामाचंही सांगितलं.

ग्वाकसाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. सांग्यूने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. तो साहेबांपुढे वाकला, तोंडभर हसू आणून. "साहेब, मनावर घेऊ नका. तिची जपानी कच्ची आहे हो. काहीच्या बाही बोलून गेली असेल."

"नाही बाबा," जपानी शाळेत शिकणारी हारिम म्हणाली, "मी ऐकलंय ना. आई एकही शब्द चुकली नाही."