पंख्याखालची चार बोटं

मोताळा तालुक्यातल्या एका शेतात उभं असलेलं ते पिवळं विमान आठवलं, की निवृत्तीनंतरही माझी छाती धडधडायला लागते. चोऱ्या, मारामाऱ्या, पळून गेलेली जोडपी असं पुष्कळ पाहिलं. पण पंचनाम्यात 'विमान' हा शब्द मी नोकरीत एकदाच लिहिला.

मी शिपाई म्हणून भरती झाले होते आणि तोवर फौजदार झाले होते. एके दिवशी दुपारी डबा उघडला आणि एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"मॅडम, लवकर या. दोघं भाऊ एकमेकाच्या अंगावर जाऊन राह्यले. विमानाचा पंखा मोडला."

त्या गावात एक जण घरी विमान बनवतो, हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. तो मोठा भाऊ. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. परवानगी मिळेपर्यंत उडवणार नाही, फक्त शेतात पळवून पाहीन, असं त्याने आम्हाला सांगितलं होतं. धाकटा ट्रक चालवायचा. शेडच्या जागेवरून दोघांत सहा महिने बोलणं बंद होतं, आणि विमान बाहेर काढायच्या दिवशी आईने दोघांना एकत्र बोलावलं होतं. स्टेशन डायरीला नोंद करून दोन शिपायांसह मी निघाले.

शेतात अर्धं गाव जमलं होतं. विमान शेपटी टेकून उभं. पुढच्या लाकडी पंख्याचं एक पातं अर्ध्यातून गेलेलं, दुसऱ्याचं टोक फुटलेलं. मोठ्याच्या हातात लाकडाचा एक लांब तुकडा होता.

"हे पाहा मॅडम! कसं सरळ चिरलं आहे. करवत मारली याने रात्री. पळवायले घेतलं अन् फाडकन उडालं. माझं मुंडकं गेलं असतं!"

"मी कायले करवत मारू बे?" धाकटा पलीकडून ओरडला. गावातल्या दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं.

"मग कोणं मारली, तुह्या ट्रकनं?"

लोक हसले. मी हसले नाही. मोठ्याला फिर्याद द्यायचीच होती, आणि धाकट्याच्या ट्रकमालकाने त्याला आधीच बजावलं होतं, की पोलीस केस झाली तर गाडीवरून खाली उतरायचं. त्याची बायको एका बाजूला तोंडाला पदर लावून उभी होती. माझ्या एका सहीवर त्या घराची चूल होती.

मी आधी गर्दी मागे हटवली. कुठेही गेले तरी माझं पहिलं काम हेच असे. लोकांच्या पायांखाली निम्मा पुरावा जातो. तेवढ्यात एक म्हातारा शेजारी माझ्याजवळ सरकला.

"माझं नाव येऊ देऊ नका. पण सकाळी त्या धाकट्याले चाकापाशी बसेल पाह्यलं मी. फुस्स आवाज येत होता."

झालं. खबर मिळाली. मी धाकट्याला बाभळीच्या सावलीत घेतलं.

माझा स्वभाव बुजरा. चौकशीत मला आवाज चढवता येत नसे, दम देता येत नसे. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, एवढंच जमायचं. समोरच्याला ती शांतता सहन होत नाही.

"सकाळी चाकापाशी काय करत होतास?"

तो बराच वेळ जमीन उकरत राहिला.

"हवा सोडली."

"काऊन?"

"शेडातून निघत नव्हतं ना ते. पंख बाहेर आणून बसवायचे होते, पण ते बसवायची वरची चौकट दाराच्या अँगलले अडकली. दोन बोटं कमी पडत होती. पुलाखाली ट्रक अडकला की आम्ही काय करतो? हवा सोडतो. तेच केलं. दादा मागं शेपटी धरून होता, त्याले दिसलंच नाही. निघालं म्हणून नाचला तो."

"मग हवा भरली का नाहीस?"

यावर मात्र तो गप्प झाला. मी थांबले. "लिहून घ्या माझं नाव," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवलं.

त्याचा शब्द मोठ्याच्या कानावर गेला होता. तो धावतच आला. "कबूल झाला! आता तरी लिहा मॅडम!"

वीस वर्षांत मी कबुलीजबाब खूप ऐकले होते. अपराधी माणूस कबूल होतो तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटतं. याला उलट काहीतरी झाकायचं होतं. मी पुन्हा विमानाकडे गेले.

जमिनीवर गुडघे टेकून पाहिलं. गर्दी हटवलेल्या जागी, चाकोऱ्यांच्या मधोमध, काळ्या मातीत आडवे काप पडले होते. विळ्याने मारावेत तसे, एकामागे एक, सारख्या अंतरावर. शेवटच्या कापात लाकडाची ढलपी अडकली होती. पंखा वर मोडलाच नव्हता. तो जमिनीला लागून मोडला होता!

मोठा मानेना. "कसा लागंन? मी मोजून ठेवलं आहे. शेपटी वर उचलली तरी पंख्याखाली वीतभर जागा राह्यते."

"मोजलं तेव्हा आत कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

"कुठे मोजलं?"

"शेडात. कोब्यावर."

मग मी पंचांसमोर जे केलं, त्याचा मला अजून अभिमान वाटतो. पंख्याचा लाकडी साचा शेडमध्ये होता. त्यावरून पात्याएवढा बांबू कापला आणि पंख्याच्या मध्यावरून सरळ खाली बांधला. चार माणसांनी शेपटी उचलली, कारण पळताना ती तशीच वर येते आणि नाक खाली जातं. मोठ्याला आत बसवलं. चाकांचे पाय जीपच्या लवचीक स्प्रिंग-पाट्यांचे होते. त्याच्या वजनाने ते दोन्हीकडे फाकले, बसलेले टायर ढेकळांत रुतले आणि बांबूचं टोक सगळ्यांच्या देखत मातीत शिरलं.

"अरे बाप!" पोलीस पाटील ओरडले.

"आता हवा भरा," मी म्हणाले. शिपाई बाभळीखालच्या पंपाकडे धावला. टायर भरले, शेपटी पुन्हा उचलली. बांबूच्या टोकाखाली आता चार बोटं सरकत होती. मी स्वतः सरकवून पाहिली. पोरं टाळ्या वाजवू लागली.

म्हणजे सगळं त्या हवेवर आलं. पंप तर बाभळीखालीच पडला होता. तो धाकट्यानेच आणला असणार, मग हवा भरली का नाही? शिपायाने हवा भरण्याआधीच मी पंचनाम्यासाठी चाकं जवळून पाहिली होती. त्यांवर हळदीकुंकवाची स्वस्तिकं होती, आणि हवेच्या नळीच्या टोपणावरचं कुंकू जराही पुसलेलं नव्हतं.

"पूजा कोणी केली?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

धाकटा एकदम पुढे आला. "मॅडम, ते राहू द्या ना."

तेव्हा बांधावर बसलेली त्यांची आई उठली.

"म्या केली. हा पंप घेऊन आलता. म्याच म्हटलं, कुंकू ओलं आहे, आता चाकाले हात नको लावू. एवढ्यानं काय होते म्हटलं." मग ती मोठ्याकडे वळली. "माझं नाव लिहायले सांग बाईले. तो माह्यासाठी गप्प आहे."

मोठा विमानातून उतरला, धाकट्यासमोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "हवा सोडली तर मले सांगाले काय झालतं बे?"

"सहा महिने बोलला का तू माह्यासंग?"

मोठ्याने तो लाकडाचा तुकडा खाली टाकला. तो चिकटवलेल्या फळ्यांच्या जोडावर उकलला होता, म्हणून सरळ दिसत होता. फिर्याद त्याने दिली नाही. मी डायरीत अपघाती नुकसान अशी नोंद करून विषय मिटवला.

खोटी खबर पकडता येते. त्या म्हाताऱ्याची खबर अक्षरशः खरी होती. त्याने पाहिलं ते घडलं होतं, आणि तरी तिच्यावर विसंबून मी एका निरपराध माणसाला ठाण्यात नेऊन बसवलं असतं. त्या दिवसापासून, कोणी काय केलं हे कळल्यावर, ते का केलं हे कळेपर्यंत मी पेन उघडलं नाही.

पुढे मोठ्याने विमानाचे पाय उंच केले, चाकं मोठी बसवली आणि मला निरोप धाडला. मी साध्या साडीत गेले. या वेळी हवा आधी आणि पूजा नंतर झाली. इंजिन गरजलं. विमान पळू लागलं, शेपटी उचलली गेली आणि मी धाकट्याकडे पाहिलं. तो दूर बाजूला, बांधाशेजारी मातीत पालथा पडला होता, गाल जमिनीला टेकवून, पंख्याखालच्या उजेडाच्या फटीवर डोळा लावून.

मग त्याने हात वर केला आणि जीव तोडून ओरडला, "मोकळं आहे दादा! जाऊ दे!"